साथीत वाटा बंद झाल्या की माणसं तशी का वागतात?

संसर्गजन्य रोगाची साथ आली आणि ये-जा करण्यावर बंदी लागली की दोन प्रकारच्या बातम्या हमखास येतात. कुठे लोक नाके चुकवून रातोरात पसार झालेले असतात, रुग्ण लपवलेले असतात, आरोग्य पथकावर दगडफेक झालेली असते. तर कुठे एखाद्या वस्तीने सरकारने सांगायच्या आतच आपले रस्ते बंद केलेले असतात आणि घरात अडकलेल्यांना शेजारी आळीपाळीने डबे पोचवत असतात. पहिली बातमी वाचून लोकांना अडाणी ठरवलं जातं, दुसरी वाचून त्यांच्या शहाणपणाचं कौतुक होतं.

खरं तर अनेकदा ही तीच माणसं असतात. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हियामध्ये २०१४ साली इबोलाच्या साथीत ही दोन्ही चित्रं काही आठवड्यांच्या अंतराने दिसली. माणसांचा स्वभाव एवढ्यात बदलत नाही. बदलते ती बंदी घालण्याची पद्धत. बंदी कशी आखली, तिच्यासोबत काय दिलं आणि कुणाला विश्वासात घेतलं, यावरून ती पाळली जाणार की मोडली जाणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

## आधी चार गोष्टी वेगळ्या करू

विलगीकरण म्हणजे आजारी माणसाला इतरांपासून दूर ठेवणं. क्वारंटाइन म्हणजे जो अजून आजारी नाही, पण रुग्णाच्या संपर्कात आला होता, त्याला ठरावीक दिवस वेगळं ठेवून त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणं. नाकेबंदी म्हणजे आख्खी वस्ती किंवा शहर सील करणं; आत अडकलेल्यांपैकी बहुतेक जण ना आजारी असतात, ना रुग्णाच्या संपर्कात आलेले. आणि टाळेबंदी, म्हणजे लॉकडाउन, सगळ्यांवरच असते.

या क्रमाने पुढे जावं तसं बंदीचं कारण माणसाला स्वतःच्या अंगावर दिसेनासं होतं. विलगीकरणातल्या माणसाला ताप असतो, त्याला फारसं समजवावं लागत नाही. क्वारंटाइनमध्ये धडधाकट माणसाला सांगावं लागतं, की तू उद्या आजारी पडू शकतोस. नाकेबंदीत तर सांगायचं असतं, की तुझा रुग्णाशी काहीही संबंध आलेला नसला तरी तू इथे राहतोस म्हणून अडकलास. बंदीवरून उसळलेले अनेक मोठे संघर्ष या तिसऱ्या प्रकारातले आहेत, यात नवल नाही.

## १४ दिवस, २१ दिवस हे आकडे येतात कुठून?

जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्याला अधिशयन काळ म्हणतात. इबोलात तो २ ते २१ दिवसांचा असतो. २००३ च्या सार्समध्ये (श्वसनाचा संसर्गजन्य आजार) साधारण २ ते १० दिवसांचा होता. कोविडच्या मूळ विषाणूत बहुतेकांना पाचेक दिवसांत लक्षणं दिसत, पण काहींना १४ दिवसांपर्यंत वेळ लागे. क्वारंटाइनची मुदत या कमाल मर्यादेवरून ठरते, म्हणजे २१ दिवस ही कुणाला दिलेली शिक्षा नसते. हे साधं कारण प्रत्येक घराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. अनेक ठिकाणी ते सांगितलंच जात नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. लक्षणं दिसण्याआधीच माणूस इतरांना रोग देऊ शकतो का? इबोलात नाही. कोविडमध्ये मात्र लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून देऊ शकतो. त्यामुळे इबोलाच्या संपर्कातल्या माणसाचं तापमान दिवसातून दोनदा घेऊन, ताप चढताच त्याला हलवण्याची पक्की सोय असेल, तर त्याला कुलूप लावून ठेवायची फारशी गरज उरत नाही. कोविडमध्ये हा मार्ग तोकडा पडतो, कारण ताप येईपर्यंत उशीर झालेला असतो. बंदी किती कडक हवी हे अधिकाऱ्याच्या धास्तीवरून ठरवायचं नसतं, ते या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरतं.

मुदत मोजतात ती रुग्णाशी आलेल्या शेवटच्या संपर्कापासून. इथेच एक मोठी अडचण दडलेली आहे. एका घरात आठ माणसं क्वारंटाइनमध्ये आहेत आणि १९व्या दिवशी त्यांच्यापैकी एकीला ताप आला. नियमाने उरलेल्या सातांचे २१ दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत अनेक कुटुंबांवर ही वेळ आली. १९व्या दिवशी घरातल्यांसमोर दोनच पर्याय असतात: ताप कळवा आणि आणखी तीन आठवडे अडकून पडा, किंवा दोन दिवस गप्प बसा. ज्या नियमामुळे खरं बोलणाऱ्यालाच तोटा होतो, तो नियम आजार लपवायला शिकवतो. उपाय आहेत. आजारी व्यक्तीला काही तासांत हलवायचं, चाचणीचा निकाल लवकर आणायचा, आणि क्वारंटाइनच्या सुरुवातीपासूनच घरातल्यांना शक्य तितक्या वेगवेगळ्या जागी ठेवायचं, म्हणजे एकाच्या तापाने सगळ्यांचं घड्याळ मागे जात नाही.

## वेस्ट पॉइंट, ऑगस्ट २०१४

वेस्ट पॉइंट ही मोनरोव्हियातली समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या जमिनीवरची दाटीवाटीची वस्ती. तिथल्या एका शाळेत इबोलाच्या संशयित रुग्णांसाठी केंद्र उघडलं गेलं. शहराच्या इतर भागांतले रुग्णही इथे आणले जाताहेत, हे रहिवाशांना आयत्या वेळी कळलं. आपल्याला न विचारता बाहेरचा आजार आपल्या दारात आणून ठेवला, अशी त्यांची भावना झाली. १६ ऑगस्टला जमावाने केंद्र लुटलं, रुग्ण पळाले, संसर्ग झालेली असू शकतील अशी अंथरुणं-पांघरुणं वस्तीत पसरली.

सरकारचं उत्तर २० ऑगस्टला आलं. लोक झोपेतून उठले तेव्हा वस्तीच्या तोंडाशी पोलीस, सैन्य आणि अडथळे उभे होते. मुदत २१ दिवसांची. हातावर पोट असलेली हजारो माणसं कामाला जाऊ शकली नाहीत. आतल्या वस्तूंचे भाव चढले. त्यातच वस्तीच्या सरकारी प्रतिनिधीला कुटुंबासह पहाऱ्यात बाहेर काढलं जात असल्याचं लोकांनी पाहिलं आणि भडका उडाला. सुरक्षादलांनी गोळीबार केला आणि त्यात जखमी झालेला एक किशोरवयीन मुलगा मरण पावला. पुढच्या काही दिवसांत पैसे चारून बाहेर पडण्याचे प्रकार सुरू झाले. २१ दिवसांची नाकेबंदी दहाव्या दिवशी, ३० ऑगस्टला उठवावी लागली.

वैद्यकीय दृष्टीने पाहिलं तर या नाकेबंदीतून मिळण्यासारखं फार थोडं होतं. लक्षणं नसलेला माणूस इबोला पसरवत नाही. म्हणजे हजारो निरोगी लोकांना रोखून उपयोग नव्हता. आत असलेले मोजके आजारी शोधून त्यांना खाटा देण्याची गरज होती, आणि तेव्हा शहरात खाटाच पुरेशा नव्हत्या. उलट न सापडलेले रुग्ण आणि निरोगी माणसं त्याच दाटीत एकत्र राहिली.

त्यानंतर शहराच्या अनेक वस्त्यांमध्ये रहिवाशांनीच कामं वाटून घेतली. आपल्या गल्लीतलं कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणा आला, कुणाच्या घरी मृत्यू झाला, याची रोज दारोदार जाऊन नोंद होऊ लागली. संपर्कातल्या कुटुंबांना बाहेर पडू नका असं सांगणारेच त्यांच्या दारात पाणी आणून ठेवू लागले. वर्ष संपेपर्यंत लायबेरियातली साथ बरीच ओसरली होती. त्याचं सगळं श्रेय वस्त्यांच्या या कामाला देणं बरोबर होणार नाही. खाटा वाढल्या, रुग्णवाहिका वेळेवर येऊ लागल्या, सुरक्षित दफनाची व्यवस्था लागली. पण खाट रिकामी आहे हे ठाऊक असलं तरी माणूस तिथवर जातो तो शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. बंदुकीच्या धाकाने तो लपतो.

## बंदीला सांडवा लागतो

धरण बांधताना भिंत कितीही भक्कम केली तरी सांडवा ठेवावाच लागतो. जादा पाण्याला ठरलेली वाट मिळाली नाही, तर ते स्वतःची वाट काढतं आणि ती भिंतीच्या सर्वांत कच्च्या जागेतून जाते. ये-जा रोखणाऱ्या बंदीचंही तेच. माणसाच्या काही गरजा थांबवताच येत नाहीत: पाणी, औषध, बाळंतपण, मरणासन्न आईला भेटणं, आजची मजुरी. यांना उघड, नियमात बसणारी वाट ठेवली नाही, तर त्या आडवाटेने जातात. आणि आडवाटेने गेलेल्या माणसाचा माग आरोग्य खात्याला लागत नाही.

पहिली आडवाट म्हणजे पळणं. बहुतेक वेळा लोक बंदीची कुणकुण लागताच, ती लागू होण्याआधीच निघतात. इटलीत ७ मार्च २०२० च्या रात्री लोम्बार्डी प्रांत सील करण्याच्या आदेशाचा मसुदा फुटला आणि मिलानच्या स्थानकांवर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या पकडायला गर्दी झाली.

दुसरी म्हणजे लपवणं, आणि साथीच्या दृष्टीने हीच सर्वांत घातक. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये गोऱ्या सैनिकांनी घरोघर घुसून झडत्या घेतल्या, रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना छावण्यांत नेलं, सामान जाळलं. परिणाम असा झाला की घरात गाठ उठलेला माणूस असला तरी लोक तोंड उघडेनात. मृत्यूसुद्धा दडवले जाऊ लागले. रँडच्या हत्येमुळे तो इतिहास आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली ही साथशास्त्राची बाजू मात्र कमी बोलली जाते. झडती जितकी कडक, तितके रुग्ण उशिरा सापडत गेले.

तिसरी आडवाट लाचेची. चौथी उघड प्रतिकाराची. प्रतिकार अचानक उसळल्यासारखा वाटतो. खरं तर आधीच्या तीन वाटा वापरून झाल्यावर किंवा बंद झाल्यावर तो येतो. त्यामुळे दगडफेकीआधी काही दिवस संपर्कातली माणसं घरी सापडेनाशी होणं, दफनाची संख्या आणि नोंदवलेले मृत्यू यांचा मेळ न बसणं, दवाखान्यातली नेहमीची गर्दी एकाएकी कमी होणं, अशी चिन्हं दिसू लागली असतील तर ती साथ ओसरल्याची खूण समजू नये. सांडवा तुंबला आहे, हे त्यातून कळतं.

## एका घराचा २१ दिवसांचा हिशेब

"आम्ही अन्न देतो" एवढ्यावर बंदी चालत नाही. पाच माणसांचं घर घेऊ. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरले जाणारे किमान निकष आहेत: माणशी रोज १५ लिटर पाणी आणि २,१०० कॅलरी अन्न. म्हणजे या घराला रोज ७५ लिटर, तर २१ दिवसांत १,५७५ लिटर पाणी लागेल. घरात नळ नसेल आणि पाणी सार्वजनिक ठिकाणाहून आणावं लागत असेल, तर पहिल्याच सकाळी बंदी मोडली जाणार, तीही पाणवठ्यावर, म्हणजे जिथे सगळी वस्ती जमते तिथे. म्हणून पहारा बसवण्याआधी पाण्याची पिंपं दारात पोचायला हवीत. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं बिघडतं.

कोरडा शिधा दिला आणि सरपण किंवा गॅस दिला नाही, तर चूल पेटत नाही. तान्हं बाळ असेल तर त्याचं खाणं वेगळं. रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग, अपस्मार, एचआयव्ही यांची औषधं मध्येच थांबवता येत नाहीत. ती कुणाला, कोणती आणि किती दिवसांची लागतील, ही नोंद पहिल्याच भेटीत व्हायला हवी. सॅनिटरी पॅड यादीत नसतात, कारण यादी करणारे बहुधा पुरुष असतात. गुरं-कोंबड्या असतील तर चाऱ्याची सोय कोण करणार? फोनचं रिचार्ज आणि चार्जिंग ही चैन समजली जाते, पण ताप आला हे कळवायचं साधन तेच असतं.

शिध्याची पहिली खेप पहिल्याच दिवशी यायला हवी. ती चौथ्या दिवशी आली तर मधल्या तीन दिवसांत घरातला एक जण बाहेर जाऊन आलेला असतो, आणि एकदा गेलेला पुन्हा जातो. याद्या घरक्रमांकावरून केल्या तर एका छपराखालची दोन बिऱ्हाडं एकाच्याच वाट्यावर येतात. म्हणून मोजायच्या त्या चुली, दारं नाहीत. पहारेकऱ्यांची पाळी बदलली की नियम बदलतात ही तक्रारही नेहमीची: सकाळचा शिपाई औषधाला जाऊ देतो, रात्रीचा देत नाही. कोणत्या कारणासाठी कुणी सोडायचं, हे एका कागदावर लिहून नाक्यावर लावलं तर निम्मे वाद मिटतात. रात्री दोनला प्रसवकळा सुरू झाल्या तर कुठल्या क्रमांकावर फोन करायचा आणि तो फोन घेणाऱ्याला "सोडा" म्हणायचा अधिकार आहे का, हा त्या कागदाच्या उपयुक्ततेचा खरा कस.

## "पण थोड्यांनी नियम मोडले तरी सगळं फुकटच ना?"

नाही. समजा एक रुग्ण सरासरी २ जणांना रोग देतो. बंदी नसेल तर संसर्गाच्या पाच पिढ्यांत, म्हणजे एकाकडून पुढच्यांकडे अशा पाच फेऱ्यांत, एकाचे ३२ होतात. आता बंदीमुळे यातले ६० टक्के संसर्ग टळले, म्हणजे ४० टक्के निसटलेच, असं धरू. तरीही एका रुग्णामागे सरासरी ०.८ नवे रुग्ण होतात आणि साथ हळूहळू आटते. ध्येय हा आकडा एकच्या खाली आणण्याचं असतं, त्यासाठी शंभर टक्के पालनाची गरज नसते.

उलटही खरं. गोवरासारख्या रोगात एक रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. तिथे आकडा एकच्या खाली आणायला नव्वद टक्क्यांहून जास्त संसर्ग टळावे लागतात. ते नुसत्या बंदीने होत नाही, लस लागते.

या गणितातून एक व्यवहार्य सल्ला निघतो. शेवटच्या पाच टक्के हट्टी लोकांच्या मागे काठी घेऊन धावण्यात ताकद घालवण्यापेक्षा, पाळायची इच्छा असूनही ज्यांना परवडत नाही अशा मधल्या मोठ्या गटाला हात द्यावा. साथ तिथेच आटोक्यात येते.

## "घरी बसायचे पैसे दिले तर लोक सोकावतील"

इस्रायलमध्ये फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस लोकांना विचारलं गेलं, की कोविडच्या रुग्णाच्या संपर्कात आल्यास घरी राहाल का? बुडालेली मजुरी भरून मिळेल असं सांगितलं तेव्हा ९४ टक्के हो म्हणाले. भरपाई नाही म्हटल्यावर हे प्रमाण ५७ टक्क्यांच्याही खाली आलं. माणसं तीच, रोगाची भीती तीच.

ब्रिटनमध्ये मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळातल्या मोठ्या सर्वेक्षणात, लक्षणं दिसल्यावर पूर्ण मुदत घरी राहिल्याचं सांगणारे ४२.५ टक्केच होते. तसं करायचा इरादा असलेले त्याहून बरेच जास्त. ज्यांचं पालन कमी होतं त्यांत घरात लहान मुलं असलेले, पैशाच्या ओढाताणीत असलेले आणि अत्यावश्यक कामावर जाणारे ठळकपणे दिसतात. यांना माहिती कमी होती असं नाही. घरी बसण्याची किंमत त्यांना जास्त मोजावी लागत होती.

काही जण गैरफायदा घेतीलही. पण संपर्कातल्या एका कुटुंबाला दोन-तीन आठवड्यांची मजुरी देणं आणि त्याच कुटुंबामुळे रुग्णालयात गेलेल्या चार जणांचा उपचार करणं, यातलं स्वस्त कोणतं हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

## "आधी सांगितलं तर पळतील, म्हणून अचानकच करावं"

हा आक्षेप खोटा नाही. मिलानचं उदाहरण वर आलंच. वुहानमध्ये २३ जानेवारी २०२० ला पहाटे दोनच्या सुमारास घोषणा झाली आणि सकाळी दहापासून शहर बंद झालं. भारतात २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा आणि मध्यरात्रीपासून अंमल, म्हणजे अवघे चार तास. तरीही पुढच्या दिवसांत लाखो स्थलांतरित मजूर चालत निघाले. म्हणजे मुदत न दिल्याने पळणं थांबत नाही. ते फक्त जास्त हालाचं होतं.

खरा प्रश्न वेगळा आहे: माणूस जिथे आहे तिथे राहू शकतो का? छप्पर, अन्न आणि पैसे असतील तर तो चार तासांच्या सूचनेवरही थांबतो. नसतील तर चार दिवस दिले काय नि चार तास दिले काय, तो निघणारच. म्हणून "थांबा" ही घोषणा आणि "थांबण्यासाठी हे मिळेल" ही घोषणा एकाच श्वासात व्हायला हवी, आणि दुसरी खरी ठरावी म्हणून तिची तयारी पहिलीच्या आधी. ज्यांना थांबणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी तपासणी करून, नोंद ठेवून, ठरलेल्या गाड्यांनी जाण्याची वाट उघडी ठेवणं हे नियम ढिले करणं नव्हे. तो माणूस कुठे गेला हे कळण्याचा तोच एक मार्ग आहे.

मेलबर्नमध्ये ४ जुलै २०२० ला नऊ सरकारी गृहनिर्माण मनोऱ्यांना तत्काळ बंदी लागू झाली. सुमारे ३,००० रहिवासी. अनेकांना खाली पोलीस दिसले तेव्हाच कळलं. काहींना अन्न आणि औषधं मिळायला उशीर झाला, बऱ्याच रहिवाशांना इंग्रजी नीट येत नव्हतं आणि दुभाषे पुरेसे नव्हते. पहिल्या दिवसांत रहिवाशांच्या स्वतःच्या गटांनीच जेवण आणि भाषांतराची व्यवस्था उभी केली. पुढे राज्याच्या लोकायुक्तांनी चौकशी करून निष्कर्ष काढला, की ती बंदी तत्क्षणी लादणं आरोग्य सल्ल्यावर आधारित नव्हतं आणि त्यातून रहिवाशांच्या मानवी हक्कांचा भंग झाला. एक दिवस आधी सांगितलं असतं तर वेळ अन्न, औषधं आणि दुभाषे गोळा करायला मिळाला असता.

## "दाट वस्तीत वेगळं राहायला खोली तरी कुठे आहे?"

नसतेच. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांना घरातच क्वारंटाइन करणं म्हणजे एकाचा आजार सहांना देणं. डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर फेब्रुवारी २०२० मध्ये कोविडमुळे ३,७११ जणांना थांबवलं. त्यातल्या ७१२ जणांना लागण झाल्याचं निघालं. तिथे तर केबिनी होत्या, पण जेवण बनवणारे आणि वाढणारे कर्मचारी एकत्रच राहत होते.

हा मुद्दा नवा नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९०० मध्ये प्लेगच्या नावाखाली चायनाटाउन सील केलं गेलं. सीमारेषा अशी वळवली होती, की चिनी लोकांची घरं आत आणि त्याच भागातली गोऱ्यांची घरं बाहेर. न्यायालयाने ती नाकेबंदी रद्द केली. कारणं दोन: एका वंशाच्याच लोकांना रोखणं हा भेदभाव होता, आणि हजारो माणसांना एकत्र कोंडल्याने रोग पसरण्याचा धोका उलट वाढत होता.

अशा वस्तीत व्यवहार्य मार्ग म्हणजे संपर्कातल्यांना शाळा, सभागृह अशा ठिकाणी हलवणं. लोकांना हे पटतं ते तीन गोष्टी पाहून: तिथली शौचालयं स्वच्छ आहेत का, बायकांना सुरक्षित वाटतं का, आणि आत गेलेला माणूस बाहेरच्याला दिसतो का. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण "आत नेलेला परत येत नाही" ही अफवा जन्मते ती बंद दारामागे. इबोलाच्या केंद्रांत म्हणूनच ठरावीक अंतरावर कमी उंचीचं कुंपण ठेवून नातेवाइकांना रुग्णाशी बोलू देण्याची सोय करण्यात आली, आणि काँगोमध्ये पुढे पारदर्शक भिंतींचे कक्ष वापरले गेले.

## लोक स्वतःच वाटा बंद करतात तेव्हा

१९१८ च्या फ्लूमध्ये नोव्हेंबरच्या ७ तारखेला तालून नावाचं जहाज प्रशांत महासागरातल्या पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात लागलं. जहाजावर आजारी लोक होते, तरी त्याला धक्क्याला लागू दिलं गेलं. पुढच्या काही आठवड्यांत तिथली सुमारे २२ टक्के लोकसंख्या दगावली. थोड्याच अंतरावरच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी जहाजं रोखली आणि स्थानिक लोकांनीच किनाऱ्यावर पहारा ठेवला, म्हणजे छोट्या होड्याही निसटून येऊ नयेत. तिथे त्या लाटेत फ्लूने एकही मृत्यू झाला नाही. बंदीचं एवढं स्वच्छ यश फार थोड्या ठिकाणी दिसतं, आणि ती वेळेवर होती, बाहेरून येणाऱ्यांवर होती, आणि राबवणारे तिथलेच होते.

सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या वेळी पारंपरिक प्रमुखांनी आपापल्या भागासाठी नियम केले: परका पाहुणा आला तर कळवायचं, आजारी माणूस लपवायचा नाही, परवानगीविना दफन करायचं नाही, मोडल्यास दंड. हे नियम सरकारी आदेशाइतकेच कडक होते. पण ते ज्याने केले त्याच्या दारात जाऊन भांडता येत होतं.

तरी एक इशारा इथे हवाच. वस्ती स्वतःहून दारं बंद करते तेव्हा ती नेहमी न्यायाने वागते असं नाही. गावाबाहेर ठेवला जातो तो बहुधा भाडेकरू, परका मजूर, रुग्णालयात काम करणारी परिचारिका, दुसऱ्या जाती-धर्माचं कुटुंब. म्हणून बंदी कायद्याने घातलेली असो की वस्तीने, तिला त्याच कसोट्या लावायच्या. माणसांच्या हक्कांवर कधी आणि किती बंधनं घालता येतात हे सांगणाऱ्या १९८४ च्या आंतरराष्ट्रीय सिराक्युसा तत्त्वांत त्या मांडलेल्या आहेत: कायद्याचा आधार, खरी गरज, गरजेपुरताच अंकुश, भेदभाव नाही, ठरलेली मुदत आणि दाद मागायची सोय.

## मुदत संपते त्या दिवशी

बंदी सुरू होताना सगळे हजर असतात, संपताना कुणी नसतं. टोरंटोत २००३ च्या सार्समध्ये क्वारंटाइन झालेल्यांपैकी १२९ जणांनी नंतर एका पाहणीत उत्तरं दिली. त्यातल्या २८.९ टक्क्यांमध्ये मानसिक आघाताची आणि ३१.२ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली; जितके दिवस जास्त, तितका त्रास जास्त. शेजारी टाळत, आणि क्वारंटाइन संपल्यावरही ते चालूच राही. पुढच्या वेळी संपर्कात आल्यावर कुणी नाव सांगेल की नाही, हे मागच्या वेळी सुटल्यावर त्याला कसं वागवलं यावर ठरतं.

म्हणून शेवटच्या दिवसाचंही काम ठरलेलं हवं. मुदत कोणत्या तारखेला, किती वाजता संपणार हे पहिल्या दिवशीच लेखी द्यावं आणि त्याच वेळी आरोग्य कर्मचाऱ्याने घरी यावं. धोका टळल्याचा सही-शिक्क्याचा कागद हातात द्यावा. मालकाला आणि शाळेला दाखवायला तो लागतो. निर्जंतुक करताना जाळलेली गादी, कपडे, भांडी यांच्या बदल्यात नवीन वस्तू तेव्हाच द्याव्यात, "नंतर अर्ज करा" म्हणू नये. वस्तीत ज्याचा शब्द चालतो अशा कुणीतरी त्या दिवशी घरात येऊन बसावं, सगळ्यांना दिसेल असं. दारावरची सूचना लगेच काढावी, आणि नावा-पत्त्यांची जी यादी नाक्यावर, दुकानात किंवा फोनवरच्या गटांत फिरत होती, ती मागे घेण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर असावी.